अडीच फुटांवरून दिसणारे घर

कर्ज विभागात काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर दिवसभरात नाना तऱ्हेची कोटेशने येत असतात. त्यातील रकमा तपासणे, करांचा हिशेब पाहणे आणि अर्जदाराची परतफेडीची क्षमता जोखणे एवढेच आमचे काम. कोटेशनातील वस्तू घरात कोठे मांडल्या जाणार, हा प्रश्न आमच्या कक्षेबाहेरचा. तरीही गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बडोद्याच्या आमच्या शाखेत आलेल्या एका तरुण दांपत्याला मी तो प्रश्न विचारलाच.

कोटेशन तीन लाख रुपयांचे होते. एल आकाराचा सोफा ८५ हजार, काचेचे सेंटर टेबल २२ हजार, सहा खुर्च्यांसह डायनिंग टेबल ६८ हजार, टीव्ही युनिट ५५ हजार, सहा खणांचे ड्रॉवर-कपाट ३० हजार आणि खाली सामान ठेवण्याची सोय असलेला दिवाण ४० हजार. निवड सुरेख होती, यात शंका नाही. मात्र आईच्या मांडीवर बसून त्याच कोटेशनाचा कोपरा चघळणारा त्यांचा चौदा महिन्यांचा चिरंजीव पाहिला आणि मला दोन-अडीच वर्षांपूर्वीचे आमचे घर आठवले.

तेव्हा आमची मुलगी सतरा महिन्यांची होती. बदलीनिमित्त नुकतेच बडोद्यास आलो होतो आणि भाड्याच्या घरासाठी हौसेने एक उंच, निमुळते ड्रॉवर-कपाट घेतले होते. एका संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी तिने त्याचे खालचे तीन खण एकापाठोपाठ एक ओढले आणि जिना चढावा तशी ती सर्वांत खालच्या खणात जाऊन उभी राहिली. कपाट पुढे झुकले. माझी आई जवळच वाती वळत बसली होती, म्हणून तिने एका हाताने कपाट आणि दुसऱ्या हाताने नात सावरली. वरची फुलदाणी फुटली, बाकी काही झाले नाही. आईने त्या वेळी मला एका शब्दाने बोल लावला नाही. "उद्या सुताराला बोलाव," एवढेच ती म्हणाली.

त्यानंतर या विषयाकडे मी जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. लहान मूल असलेल्या घराने सुंदर फर्निचरचा मोह सोडून द्यावा, असे मुळीच नाही. प्रश्न आहे तो कोणती वस्तू, कशी आणि केव्हा घ्यावी, याचा.

मोजमाप कोणाच्या उंचीने?

दुकानात आपण फर्निचर पाहतो ते साडेपाच फुटांच्या उंचीवरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ मधील वाढीच्या मानकांनुसार एक वर्षाच्या मुलाची मध्यम उंची सुमारे ७५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच फूट असते. दुसऱ्या वाढदिवसाला ती ८६ सेंटिमीटरच्या आसपास आणि तिसऱ्याला ९५ च्या आसपास पोहोचते. आता आपल्या डायनिंग टेबलाची उंची मोजून पाहा. ती साधारणपणे ७५ सेंटिमीटरच असते! पहिल्या वाढदिवसाला जी धार डोक्यावरून जाते, ती पुढच्या काही महिन्यांत नेमकी कपाळाच्या रेषेत येते आणि नंतर डोळ्यांच्या. सेंटर टेबल ४० ते ४५ सेंटिमीटर उंच असते. नुकतेच पाऊल टाकू लागलेले मूल त्याच्या आधाराने उभे राहते आणि तोल गेला की हनुवटी वा कपाळ नेमके त्याच्याच कोपऱ्यावर आपटते.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. खरेदीपूर्वी घरातील मापाची पट्टी घेऊन दुकानात जावे आणि वस्तूसमोर चक्क उकिडवे बसावे. दुकानदार क्षणभर चकित होईल, परंतु उभ्याने न दिसणाऱ्या अनेक गोष्टी त्या उंचीवरून दिसतात: टेबलाच्या खालून डोकावणारा स्क्रू, खणाच्या तळाची न घासलेली कड, सोफ्याच्या पायाला ठोकलेली पत्र्याची टोपी. गोल वा लंबगोल टेबल, घासून गोलावलेल्या कडा, आतल्या बाजूस झुकलेले पाय हे सारे आजच्या आधुनिक रचनांतही सहज मिळते. कोपऱ्यांवर चिकटविण्याच्या रबरी टोप्याही बाजारात आहेत, पण मुले त्या आठवड्याभरात उचकटून तोंडात घालतात, असा आमचा अनुभव. मुळातच कोपरा नसलेले टेबल घेणे अधिक श्रेयस्कर.

डायनिंग टेबलावर लांब, लोंबता टेबलक्लॉथ मात्र तूर्त नको. त्याचे टोक ओढले की वरची आमटीची पातेली खाली येते. त्याऐवजी प्रत्येक ताटाखाली वेगळी चटई पुरेशी होते.

कपाट पडते कसे?

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने गुरुत्वमध्याविषयी बोलणे थोडे धाडसाचे, पण हे गणित ताळेबंदाइतकेच सरळ आहे. समजा, कपाट सामानासह ३० किलोचे आहे आणि त्याची खोली ४० सेंटिमीटर. वजनाचा मध्य पुढच्या पायांपासून २० सेंटिमीटर मागे, म्हणून कपाटाला मागे धरून ठेवणारी बाजू ३० गुणिले २०, म्हणजे ६०० ची झाली. आता प्रत्येकी ५ किलोचे तीन खण ३० सेंटिमीटर बाहेर ओढले, तर १५ गुणिले ३०, म्हणजे ४५० त्यातून वजा झाले. शिल्लक राहिले अवघे १५०. त्यात ११ किलोचे मूल पुढच्या पायांपासून २५ सेंटिमीटर बाहेर असलेल्या खणात उभे राहिले, की २७५ ची भर विरुद्ध बाजूस पडते. खाते ओव्हरड्रॉन झाले, कपाट कोसळले!

या हिशेबातून उपायही निघतो. जड वस्तू खालच्या खणांत ठेवाव्यात. एका वेळी एकच खण उघडेल अशी कुलूपयोजना असलेले कपाट मिळाल्यास घ्यावे. खेळणी, बिस्किटांचा डबा, टीव्हीचा रिमोट अशा मुलाला खुणावणाऱ्या वस्तू कपाटाच्या माथ्यावर ठेवू नयेत. आणि मुख्य म्हणजे कपाट भिंतीला जखडावे. त्यासाठी लागणारा एल-क्लॅम्प आणि स्क्रू कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. वीट वा काँक्रीटच्या भिंतीत भोक पाडून, प्लग बसवून त्यात स्क्रू घट्ट करावा. कपाटाच्या बाजूने तो पाठीमागच्या पातळ प्लायला न लावता वरच्या किंवा बाजूच्या जाड फळीला लावावयास हवा. जिप्समच्या पार्टिशनला मात्र असा भार सोसत नाही. तेथे आतील सांगाडा शोधून त्यालाच स्क्रू लावावा लागतो.

आपल्याकडील जुन्या पोलादी कपाटांच्या पुढच्या पायांखाली लाकडी पाचर सारून ते किंचित मागे भिंतीकडे झुकवण्याची पद्धत आहे. ती शहाणपणाची आहे, पण जखडण्याला पर्याय नव्हे. अमेरिकेत या प्रश्नावर डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र कायदाच झाला. कपडे ठेवण्याची २७ इंच वा त्याहून उंच कपाटे उलटण्याविरुद्धच्या चाचणीला उतरलीच पाहिजेत, असा दंडक तेथे सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. हा नियम आपल्या येथील नसला, तरी २७ इंच हे माप ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याहून उंच प्रत्येक सुटी वस्तू आम्ही आता भिंतीला लावतो.

भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्यास घरमालक नाखूष असतात, हे खरे. आमच्या घरमालकांना मी घर सोडताना भोके बुजवून रंग लावून देण्याचे लेखी कळविले आणि त्यांनी लगेच संमती दिली. टीव्हीचेही तसेच. आजचे टीव्ही वजनाला हलके आणि पायाला अरुंद असतात. तेव्हा भिंतीवर बसविणे सर्वांत उत्तम.

काच, लाकूड आणि रंग

काचेचे टेबल खोलीला प्रशस्तपणा देते, हे मान्य. परंतु चार फूट बाय अडीच फुटांची १२ मिलिमीटर जाडीची काच सुमारे २८ किलो भरते, आणि पुष्कळशा टेबलांत ती चार रबरी टेकूंवर नुसतीच ठेवलेली असते. मूल एका कडेला लोंबकळले किंवा खालून डोके वर करून उभे राहिले, तर ती सरकू शकते. काच घ्यावयाचीच असेल, तर ती टफन्ड असल्याची खात्री करावी. तशी काच फुटली तर सुऱ्यासारखे लांब तुकडे न होता बारीक, बोथट तुकडे होतात. टफन्ड केल्यानंतर काच कापता वा भोक पाडता येत नाही. म्हणून "मापाने कापून देतो, टफन्डच आहे" असे कोणी म्हटले, तर सावध व्हावे.

लाकडी फर्निचरमध्ये सागवान आणि शिसम टिकाऊ खरे, पण महाग. प्लायवूड घेताना त्यावरील भारतीय मानकाची खूण पाहावी. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे आणि आयएस ७१० हे मरीन प्लायचे मानक आहे. पार्टिकल बोर्डची वस्तू स्वस्त आणि दिसायला देखणी असते, मात्र सांडलेले दूध कडेतून आत शिरले की ती फुगते. शिवाय बदलीच्या नोकरीत ती दर तीन वर्षांनी सोडून पुन्हा जोडावी लागते, आणि पार्टिकल बोर्डातील स्क्रू दुसऱ्या वेळी तितका घट्ट बसत नाही. खिळखिळे झालेले कपाट मुलाच्या हाताखाली अधिक धोक्याचे.

प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांच्या सरसात सामान्यतः फॉर्मॅल्डिहाइड असते. नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वास तो हाच. ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा माल मागावा, सर्व कापीव कडांना पट्टी लावून घ्यावी आणि कपाट दारे उघडी ठेवून हवेशीर खोलीत काही दिवस राहू द्यावे. मुलाच्या झोपण्याच्या खोलीत ते पहिल्या दिवसापासून ठेवू नये.

याहून गंभीर गोष्ट रंगाची. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला पाळणा किंवा आजोळची छोटी खुर्ची ताज्या बाळासाठी माळ्यावरून काढली जाते. भावना मोलाची, पण तिच्यावरील जुना तेलरंग तपासावयास हवा. पूर्वीच्या पिवळ्या, तांबड्या, हिरव्या तेलरंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरली जात, आणि दात येणारे मूल पाळण्याची कड चघळतेच. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असून त्याची कोणतीही सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. आपल्या देशात २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. औद्योगिक रंग या नियमांत येत नाहीत. तेव्हा सुताराने "उरलेला डबा" आणला, तर त्यावरील लेबल अवश्य वाचावे. जुना रंग काढावयाचा असेल, तर मुलाला घराबाहेर ठेवून आणि लाकूड ओले करूनच काढावा. कोरड्या सँडपेपरने उडालेली धूळ रंगापेक्षाही वाईट.

संखेड्याची वाट

बडोद्यास असल्यामुळे आणखी एक गोष्ट पाहावयास मिळाली. येथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, आताच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात संखेडा हे गाव आहे. तेथील खरादी कारागीर सागवान कातावर धरून फर्निचर घडवितात आणि त्यावर लाखेचे रंग चढवितात. कथिलाच्या नक्षीवर लाखेचा थर बसला की ती सोन्यासारखी झळाळते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना या कामात ओळखीचे काही सापडेल. मला आवडला तो त्याचा गोलवा. पाय, हात, पाठ, सारे कातीव! हा दिमाख डोळ्यांत भरतो आणि तरीही टोचणारा कोपरा कमी सापडतो.

अर्थात डोळे मिटून घ्यावे असे तेही नाही. पारंपरिक लाखेऐवजी आता इतर रंगही वापरले जातात, म्हणून विचारून घ्यावे. आणि कठड्यातील दोन कातीव दांड्यांमधले अंतर पाहावे. मुलाच्या पलंगाच्या कठड्यात युरोपीय मानकानुसार हे अंतर साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर असावे लागते. त्याहून मोठ्या फटीतून मुलाचे अंग बाहेर जाते आणि डोके अडकते. एक बाजू खाली सरकणारे पलंग अमेरिकेने २०११ मध्ये याच कारणासाठी बंद केले. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक जागा राहू नये.

गुजरातच्या घरांत हिंचका असतोच, आणि आपल्याकडेही झोपाळा किंवा विदर्भातील बंगई काही परकी नाही. घराला शोभा देणारी याहून देखणी वस्तू मला ठाऊक नाही. परंतु जड सागवानी फळी रिकामी झुलत असता तिची कड मुलाच्या छातीच्या वा तोंडाच्या पातळीवर येते. कड्यांत बोटे सापडतात ती वेगळीच. आम्ही वापर नसताना फळी दोरीने खिडकीच्या गजाला बांधून ठेवतो. मुलीला प्रथम ते मान्य नव्हते. आता दोरी सोडण्याचा आग्रह आजीकडे धरला जातो आणि बहुतेक वेळा तो मान्यही होतो.

सोफ्याविषयी थोडेसे. काढून धुता येणारी कव्हरे, मध्यम गडद रंग आणि खिडकीपासून दूर अशी मांडणी, एवढे पाळले तरी पुरते. खिडकीखालचा सोफा म्हणजे मुलाला दिलेली शिडी होय. मात्र पहिली दोन-तीन वर्षे सोफ्याऐवजी गाद्या, लोड आणि तक्के यांची भारतीय बैठक का घालू नये? खादीचे वा कलमकारीचे अभ्रे, पितळी समई, एक ठेंगणा चौरंग, एवढ्यात खोली सजते. पडले तरी मूल सहा इंचांवरूनच पडते! वेताच्या खुर्च्या हलक्या असल्याने तशाच सोयीच्या, फक्त सुटलेली टोके अधूनमधून कापावीत. संपूर्ण वेताच्या वा बांबूच्या फर्निचरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे, हीही जमेची बाजू.

हप्ता किती वर्षांचा?

आता आमच्या प्रांतातील गोष्ट. तीन लाखांचे कर्ज उदाहरणादाखल १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,९६४ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ५८,७०० रुपये होते. काही ग्राहक विचारतात, "साहेब, हीच रक्कम गृहकर्जात घातली तर हप्ता कमी नाही का होणार?" होतो. ९ टक्के दराने वीस वर्षांसाठी तो सुमारे २,७०० रुपयेच पडतो. पण व्याज भरावे लागते सुमारे ३ लाख ४८ हजार, म्हणजे फर्निचरच्या मूळ किमतीहून अधिक. ज्या सोफ्यावर चिरंजीव आज स्केचपेनने चित्रे काढणार, त्याचे हप्ते त्यांच्या पदवीदान समारंभापर्यंत चालू राहतील!

दुकानातील "शून्य टक्के" योजनांविषयीही सावध असावे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल होते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. रोखीने घेतल्यास किती सूट मिळेल, हे विचारले की खरा आकडा बाहेर येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला बँकेने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात शुल्कांसह येणारा वार्षिक दर एकाच आकड्यात लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो आकडा वाचावा.

त्या दांपत्याशी मी हे सारे बोललो, तेव्हा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने भुवया उंचावल्या होत्या. तिमाहीचे उद्दिष्ट सर्वांनाच असते. आठ दिवसांनी ते दोघे नवे कोटेशन घेऊन आले. सोफा, काचेचे टेबल आणि दिवाण मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत लांबणीवर टाकले होते. त्यांच्या जागी २५ हजारांची बैठक आली होती. टीव्ही भिंतीवर जाणार असल्याने ५५ हजारांचे युनिट २७ हजारांच्या ठेंगण्या कपाटावर आले होते. डायनिंग टेबल त्याच किमतीत गोल कडांचे झाले होते आणि ड्रॉवर-कपाट तसेच होते. एकूण दीड लाख. त्यातील ५० हजार स्वतःच्या बचतीतून, एक लाखाचे कर्ज, हप्ता ३,३२१ रुपये. शेवटच्या ओळीत दुकानदाराने हाताने लिहून खाली शिक्का मारला होता: "एल-क्लॅम्प, नग ८, बसवून."